हरकत नोंदवून घेतली! मुळशी ते माडबन : जनसुनावणीचा शंभर वर्षांचा इतिहास

(१)
"जनसुनावण्यांमुळे देशाचा विकास रखडतो." हे वाक्य अलीकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. बंदर, खाण, अणुप्रकल्प, महामार्ग, विषय कोणताही निघो, गावकऱ्यांच्या हरकतींवर खापर फोडणे सोपे असते. हा धागा त्या वाक्याच्या विरोधात आहे. दावा असा की भारतात लोकांना विचारल्यामुळे तंटे उभे राहिले नाहीत. निर्णय आधी घेऊन लोकांना नंतर विचारल्यामुळे ते उभे राहिले. याचा पुरावा शंभर वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात पुणे जिल्ह्यातून होते.

(२)
प्रारंभ कायद्यापासून करणे योग्य. १८९४ चा भूसंपादन कायदा इंग्रजांनी केला. "सार्वजनिक प्रयोजन" असे सरकारने म्हटले की खासगी जमीन सक्तीने घेता येत असे. मूळ कायद्यात जमीनधारकाला एकच गोष्ट मांडण्याची मुभा होती : भरपाई किती हवी. जमीन घ्यावी की न घ्यावी, प्रयोजन खरोखर सार्वजनिक आहे की नाही, पर्यायी जागा आहे का, या प्रश्नांवर त्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन सरकारवर नव्हते. किमतीविषयी बोलायचे, पण व्यवहार नाकारायचा नाही, अशी ती रचना होती.

(३)
या कायद्याचा प्रत्यय मुळशी खोऱ्याला आला. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण बांधून मुंबईला वीज पुरवायची अशी योजना होती. त्यात पन्नासहून अधिक गावे बाधित होणार होती. जमिनी कायदेशीररीत्या ताब्यात येण्यापूर्वीच शेतांत चाचणीचे खंदक खोदले जाऊ लागले. गावाला प्रकल्पाची पहिली बातमी अशी कुदळीच्या आवाजातून मिळाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना "सेनापती" ही ओळख याच लढ्याने दिली.

(४)
काम काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले. १९२४ पर्यंत लढा मावळला. या इतिहासातील एक बाजू मात्र अभिमानाच्या भरात वगळली जाते. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या हाती गेल्या होत्या आणि त्यांच्यातील अनेकांना धरण थांबण्यापेक्षा भरपाई वाढण्यात रस होता. कायद्याच्या नजरेत "हितसंबंधित" कोण, तर ज्याचा भरपाईवर हक्क पोहोचतो तो. कसणाऱ्याचा संसार बुडत होता आणि कागदोपत्री बाजू मालकाची धरली जात होती. कोणाचे म्हणणे ऐकायचे, या प्रश्नाचे उत्तर कोण बोलू शकतो हे ठरवण्यातच दडलेले असते.

(५)
१९२३ मध्ये भूसंपादन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ५-अ आले. हरकत घेण्याचा हक्क मूळ कायद्यात नाही आणि आलेल्या हरकतींचा विचार करणे सरकारवर बंधनकारक नाही, ही उणीव दुरुस्तीच्या हेतुकथनातच मान्य करण्यात आली होती. आता ३० दिवसांत लेखी हरकत घेता येऊ लागली. जिल्हाधिकारी हरकतदाराचे म्हणणे समक्ष किंवा वकिलामार्फत ऐकणार आणि आपला अहवाल सरकारकडे पाठवणार होता. आजच्या वर्तमानपत्रांतील "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" या वाक्याच्या पूर्वजांत या कलमाची गणना करावी लागेल.

(६)
ही दुरुस्ती महत्त्वाची होती, यात शंका नाही. परंतु तिच्यात तीन गाठी राहिल्या. ऐकणारा अधिकारी हा जमीन मागणाऱ्या सरकारचाच अधिकारी होता. अंतिम निर्णयही सरकारचाच होता. आणि कलम १७ अन्वये "तातडी" असल्याचे सांगून सरकारला ही सुनावणीच वगळता येत असे. स्वातंत्र्यानंतरही हा कायदा २०१३ च्या अखेरपर्यंत चालू राहिला. तातडीच्या कलमाचा वापर इतका सैल झाला की २०११ मध्ये ग्रेटर नोएडा येथील भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर रद्द केले. नियोजित औद्योगिक विकासासाठी वर्षानुवर्षे चाललेल्या प्रक्रियेत शेतकऱ्याला ऐकायला तेवढा वेळ नसतो, हे न्यायालयाला पटले नाही.

(७)
दुसरा प्रवाह पर्यावरण कायद्यातून आला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे ईआयएची, अधिसूचना निघाली. १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणी अनिवार्य करण्यात आली. या बदलाचे मोल मोठे होते. भूसंपादन कायदा फक्त जमीनधारकाला ओळखत होता. पर्यावरण कायद्याच्या सुनावणीत मच्छीमार, भूमिहीन मजूर, गुराखी, शेजारच्या गावचा पाणी भरणारा, कोणीही बोलू शकत होता. सात-बारावर नाव नसलेल्या माणसाला प्रथमच औपचारिक आवाज मिळाला.

(८)
सध्याची प्रक्रिया १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेवर उभी आहे. तिचे चार टप्पे आहेत : प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणे, लोकसल्लामसलत आणि मूल्यमापन. सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी असतो. किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. नंतर तज्ज्ञ समिती शिफारस करते आणि केंद्र किंवा राज्य पातळीवरील प्राधिकरण निर्णय देते.

(९)
"सुनावणीमुळे विलंब" या आरोपाला उत्तर याच अधिसूचनेत आहे. सुनावणी ४५ दिवसांत उरकायची आहे. तज्ज्ञ समितीच्या मूल्यमापनाला ६० दिवस आणि त्यापुढील निर्णयाला ४५ दिवस ठरवून दिले आहेत. सभेला गणसंख्येची अटही नाही. मंडपात दहा माणसे आली तरी सुनावणी वैध ठरते. ज्या प्रक्रियेचे घड्याळ कायद्यानेच बांधून दिले आहे आणि जिच्यात लोकांना नकाराधिकार नाही, तिच्यामुळे देश थांबतो असे म्हणणे हा हिशेबाचा गोंधळ आहे. कित्येकदा तो गोंधळ सोयीचाही असतो.

(१०)
दोष विलंबात नसून क्रमात आहे. अभ्यास कोणत्या प्रश्नांचा करायचा हे दुसऱ्या टप्प्यात ठरते, आणि तेव्हा गावाला कोणी विचारत नाही. अभ्यास करणारा सल्लागार प्रकल्पकर्ता नेमतो आणि त्याचे मानधनही तोच देतो. मग मसुदा अहवाल तयार झाल्यावर लोकांना बोलावले जाते. लोकांनी उपस्थित केलेल्या मुद्द्यांना उत्तरे कोण देणार? अधिसूचनेप्रमाणे पुन्हा प्रकल्पकर्ताच. तोच आपला अहवाल सुधारून पुढे पाठवतो. परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्यांत गाव नाही, तपासणाऱ्यांतही नाही. निकालाच्या तोंडावर मात्र त्याला सभेचे निमंत्रण येते.

(११)
भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. संपूर्ण अहवाल शेकडो पानांचा असतो आणि तो इंग्रजीत असतो. स्थानिक भाषेत द्यावा लागतो तो केवळ सारांश. सारांशात "परिणाम नगण्य" असे शब्द येतात. नगण्य कशावरून, कोणत्या ऋतूत मोजले, किती ठिकाणचे नमुने घेतले, हे सारे मूळ अहवालात राहते. ज्याची विहीर आटणार त्याला निष्कर्ष मराठीत मिळतो आणि त्यामागील आकडे इंग्रजीत. अशा स्थितीत त्याची हरकत "भावनिक" ठरवली जाते. ती भावनिक उरावी अशीच व्यवस्था करून ठेवलेली असते.

(१२)
शिवाय सुनावणीतून सूट मिळालेल्यांची यादी लांब आहे. इमारती, बांधकाम आणि नगरवसाहतींचे प्रकल्प हे २००६ च्या अधिसूचनेत लोकसल्लामसलतीतून वगळलेले आहेत. म्हणजे पन्नास हेक्टरांवर उभ्या राहणाऱ्या वसाहतीला पर्यावरण मंजुरी लागते, पण शेजारच्या गावांची सुनावणी लागत नाही. येथे इतिहास पुन्हा मुळशी तालुक्यात येतो. लवासा हे डोंगरांतील शहर आधी उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कारणे दाखवा नोटीस दिली. नोव्हेंबर २०११ मध्ये पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. १९२१ मध्ये खंदक आधी खोदले गेले होते. नव्वद वर्षांनंतर रस्ते आणि इमारती आधी उभ्या राहिल्या.

(१३)
आता माडबन. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल आदी गावांची ९३८ हेक्टर जमीन घेण्यात आली. तिचा ताबा जानेवारी २०१० मध्ये घेतला गेला. बहुसंख्य खातेदारांनी भरपाईचे धनादेश नाकारले. पर्यावरणाची जनसुनावणी झाली १६ मे २०१० रोजी. हा क्रम लक्षपूर्वक पाहावा. जमीन सरकारकडे आधी गेली आणि तिच्यावर काय व्हावे याविषयी लोकांचे म्हणणे त्यानंतर मागवण्यात आले. अहवालाची मराठी प्रत वेळेत मिळाली नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी देण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी भारत दौऱ्यावर आले आणि या प्रकल्पासंबंधीचे करार झाले.

(१४)
साखरी नाटे येथील मच्छीमारांची जमीन जाणार नव्हती, त्यामुळे भूसंपादनाच्या कायद्यात त्यांना स्थान नव्हते. त्यांची चिंता समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची होती. म्हणजे पर्यावरणाची सुनावणी हेच त्यांचे एकमेव औपचारिक व्यासपीठ होते. तेथे बोललेले कोठेच पोहोचत नाही अशी खात्री झाल्यावर माणसे रस्त्यावर येतात. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तेथील एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. सुनावणीला "औपचारिकता" म्हणणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

(१५)
आणि विलंबाचे काय? जैतापूरला सुनावणीनंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत मंजुरी मिळाली होती. तरीही दीड दशक उलटून गेल्यावर तेथे एकही अणुभट्टी उभी नाही. विजेचा दर, अपघाताच्या दायित्वाचा कायदा, फ्रेंच कंपनीची आर्थिक घसरण आणि पुनर्रचना, तांत्रिक-आर्थिक वाटाघाटी ही त्यामागील कारणे सार्वजनिक नोंदीत आहेत. सुधारित प्रस्ताव फ्रान्सच्या दुसऱ्या कंपनीने २०२१ मध्ये दिला. माडबनच्या मंडपातील हरकतींनी एवढी वर्षे कोणाचा हात धरून ठेवला नव्हता.

(१६)
प्रतिपक्षाच्या युक्तिवादात काही तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. सुनावण्यांत राजकीय पक्ष माणसे आणतात, तशी ती प्रकल्पकर्तेही आणतात. अफवा पसरतात. वीज, बंदरे, रस्ते देशाला हवेतच, आणि प्रत्येक गावाला नकाराधिकार दिला तर काहीच उभे राहणार नाही, ही भीती पोकळ नाही. परंतु यातील प्रत्येक दोष माहिती उशिरा आणि अर्धवट दिल्याने वाढतो. अहवाल सहा महिने आधी मराठीत मिळाला तर अफवेला जागा कोठे उरते? गोंगाट होतो तो बहुधा तेथे, जेथे बोलण्याची एकच दुपार आणि मिनिटभराचा माईक मिळतो.

(१७)
ऐकण्यास अर्थ असला की काय घडते, याची उदाहरणे याच भूमीत आहेत. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. वाढवण बंदराचा तेव्हाचा प्रस्ताव या प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला. त्याच प्राधिकरणाने पुढे, वेगळ्या रचनेत, २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला संमती दिली. दोन्ही निर्णयांवर वाद घालता येईल. तरी "नाही" म्हणण्याचा अधिकार असलेली संस्था समोर असते, तेव्हा हरकत घेणाऱ्याला निदान पुराव्यानिशी बोलण्याचे कारण असते.

(१८)
दुसरे उदाहरण गोव्याचे. केपे तालुक्यातील कावरे गावच्या देवपण डोंगरावरील खाणीचे प्रकरण उत्कर्ष मंडळाने न्यायालयात नेले. नोव्हेंबर २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने प्रत्यक्ष विचार केला पाहिजे आणि त्या अमान्य करायच्या असतील तर कारणे दिली पाहिजेत. या एका तत्त्वात सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. हरकत मान्यच करा, असा आग्रह कोणीच धरलेला नाही. ती का मान्य नाही हे लेखी सांगा, एवढीच मागणी आहे. "नोंद घेण्यात आली" हे उत्तर होत नाही.

(१९)
रायगडमध्ये २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझसाठी याहून पुढचे पाऊल पडले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे जनमत घेतले. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढ्यामागून आलेला हा क्षण होता. निकाल मात्र सरकारने अधिकृतरीत्या जाहीर केला नाही. मत मागायचे आणि मोजलेले झाकून ठेवायचे, याला सल्लामसलत म्हणत नाहीत. उलट ओडिशातील नियमगिरीत, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निर्णयानंतर, १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो नकार जाहीरपणे नोंदला गेला.

(२०)
२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने सामाजिक आघात मूल्यांकन आणले. खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. एक वर्षही सरत नाही तोच, डिसेंबर २०१४ मध्ये, अध्यादेशाने पाच प्रकारच्या प्रकल्पांना या अटींतून मोकळे केले. विरोधामुळे तो अध्यादेश ऑगस्ट २०१५ मध्ये व्यपगत झाला. नंतर महाराष्ट्रासह काही राज्यांनी राज्यदुरुस्तीतून तशाच सवलती आणल्या. पुढच्या दाराने गेलेली तरतूद मागच्या दाराने परत आली.

(२१)
२०२० चा प्रसंग तर ताजा आहे. नव्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा टाळेबंदीच्या तोंडावर आला. सुनावणीसाठीची सूचना-मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. जूनच्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करण्यास सांगितले. लोकांच्या सहभागाविषयीचा मसुदा लोकांच्या भाषेत आणण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली! देशभरातून लाखो हरकती गेल्या. तो मसुदा अंतिम अधिसूचनेत उतरला नाही.

(२२)
या सर्व इतिहासातून चार मागण्या निघतात. पहिली, अभ्यासाची व्याप्ती ठरतानाच गावाला विचारावे. दुसरी, संपूर्ण अहवाल, तक्त्यांसह, मराठीत आणि सुनावणीच्या पुरेसा आधी मिळावा. तिसरी, सल्लागाराची नेमणूक प्रकल्पकर्त्याच्या हातून काढून स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावी. चौथी, प्रत्येक मुद्द्याला निर्णय घेणाऱ्या संस्थेने स्वतः लेखी उत्तर द्यावे आणि तोपर्यंत जमिनीचा ताबा घेऊ नये. यातील एकही मागणी विकासविरोधी नाही. चांगला प्रकल्प या कसोटीला उतरेल. जो उतरणार नाही, तो आज कळलेला बरा.

(२३)
इतिहासाच्या अभ्यासकांसाठी शेवटचा मुद्दा. मुळशीची हकीकत आज तपशिलाने सांगता येते, कारण विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्या लढ्यातील माणसांनी ती लिहून ठेवली. केवळ सरकारी दप्तरावर विसंबले असते तर तेथे एकरांचे आणि रुपयांचे आकडे सापडले असते. जनसुनावणीची इतिवृत्ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. आपल्या जिल्ह्यातील एक इतिवृत्त उघडून वाचावे, त्यातील हरकत आणि तिला मिळालेले उत्तर शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पुढच्या सुनावणीची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात दिसेल तेव्हा तीस दिवसांच्या आत, मुद्देसूद, मराठीत, पोच घेऊन हरकत द्यावी. १९२१ च्या मावळ्याला हा कागद देण्याची मुभा नव्हती.